एका ओळीची परवानगी

कर्नाटकाच्या सीमेवरच्या सदलग्यासारख्या गावातसुद्धा शाळेचं, पतसंस्थेचं किंवा दवाखान्याचं नेटवर्क आता एका साध्या राउटरवर भागत नाही. ऑफिसचे संगणक, लॅब, सीसीटीव्ही, हजेरीचं थंब मशीन, प्रिंटर, पाहुण्यांचं वायफाय असं सगळं एकाच जाळ्यात कोंबलेलं असतं आणि कधी ना कधी ते वेगळं करायची वेळ येते. मग प्रश्न उभा राहतो, की वेगळ्या केलेल्या भागांमधली ये-जा कोणी सांभाळायची? राउटरनं, की राउटिंग करू शकणाऱ्या मल्टिलेअर स्विचनं? हा वाद इथे दोघांच्या तोंडी घातला आहे. मामा गावात केबल आणि इंटरनेटचा धंदा करतात. भाची पुण्यात नेटवर्क इंजिनिअर आहे, सुट्टीला आजोळी आली आहे. ही दोन माणसं आणि ज्या शिक्षण संस्थेचं काम निघालं आहे ती संस्था कल्पनेतली. यंत्रं, कमांड आणि अडचणी मात्र खऱ्या.

मामा : संस्थेनं वापरलेला एक स्विच आणलाय. सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३५६०-जी. विकणारा म्हणाला, ह्यात राउटिंगपण हाय. मी म्हटलं, असू दे की. राउटिंगला राउटर हाय आपला.

भाची : मग हा स्विच घ्यायचाच कशाला, मामा? नुसते व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमधले वेगळे गट, पाडायला साधा मॅनेज्ड स्विच पुरला असता.

मामा : स्वस्तात गिगाबिट पोर्ट मिळाले म्हणून घेतला. माझं म्हणणं सरळ हाय. स्विचनं स्विचचं काम करावं, राउटरनं राउटरचं. पाच व्हीलॅन पाडू. ऑफिस १०, शिक्षक २०, लॅब ३०, कॅमेरे ४०, पाहुणे ५०. पाचही एका ट्रंकनं, म्हणजे सगळे व्हीलॅन वाहणाऱ्या एका तारेनं, राउटरवर न्यायचे. तिथं पाच सब-इंटरफेस, पाच गेटवे. संपला विषय.

भाची : त्यालाच आमच्यात ‘राउटर ऑन अ स्टिक’ म्हणतात. चालतं ते, मी नाही म्हणत नाही. पण पॅकेटची वाट बघा. लॅबमधला संगणक आणि ऑफिसचा सर्व्हर एकाच स्विचला, शेजारशेजारच्या पोर्टवर. तरी लॅबमधून निघालेलं पॅकेट ट्रंकवरून राउटरकडं जाणार, तिथं त्याचा टॅग ३० चा १० होणार आणि त्याच तारेनं ते पुन्हा स्विचवर येणार. तुम्हाला रोमिंगचे दिवस आठवतात ना? दूधगंगेपलीकडचं दत्तवाड इतकं जवळ, पण ते महाराष्ट्र सर्कलमध्ये आणि आपण कर्नाटक सर्कलमध्ये. नदी ओलांडली की शेजारच्या गावातसुद्धा फोनला परराज्याचे पैसे. तसंच हे.

मामा : व्हय, आठवतंय. पण तवा कोण कुठनं कुठं बोलला, ह्याचा हिशेब एका ठिकाणी राहायचा. मला तेच पाहिजे. सगळं राउटरवरनं गेलं की नोंद राउटरवर. रात्री दहाला फोन आला, ‘नेट गेलंय’, तर मी एकाच डब्यात बघणार. तू दोन डब्यांत गेटवे ठेवलेस तर मी कुठं कुठं बघू?

भाची : हा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. आधी वेगाचं बोलू. ट्रंक एक गिगाबिटची. पाचही व्हीलॅनची आपापसातली सगळी ये-जा मिळून त्या एका तारेत बसवावी लागते, कारण प्रत्येक पॅकेट त्या तारेनं एकदा वर जातं आणि एकदा खाली येतं. शिवाय छोट्या राउटरमध्ये हे काम प्रोसेसर करतो. या स्विचमध्ये ते चिपमध्ये होतं. कुठल्या पत्त्याला कुठल्या पोर्टनं पाठवायचं हा तक्ता हार्डवेअरमध्येच लिहिलेला असतो. चिप पॅकेटचे मॅक पत्ते बदलते, टीटीएल एकनं कमी करते आणि पुढं ढकलते. ३५६०-जीची क्षमता कंपनीनं ३२ गिगाबिट सांगितली आहे.

मामा : बत्तीस गिगाबिट घेऊन करायचं काय? ऑफिसमध्ये टॅली आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सॅट्सचं पोर्टल. लॅबमध्ये पोरं ब्राउझर उघडतात. हे सगळं तर इंटरनेटला जातंय, तिथं तुझी चिप काय कामाची? आणि कॅमेऱ्यांचं म्हणशील तर कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर दोन्ही ४० मध्येच हायत. एकाच व्हीलॅनमध्ये राउटिंग लागतंय कुठं?

भाची : बरोबर. पुष्कळ इंजिनिअर इथंच घसरतात आणि कॅमेऱ्यांची आकडेवारी सांगून महाग स्विच विकतात. व्हीलॅनच्या आतली ये-जा राउटिंगशिवायच होते. राउटिंगचा भार मोजायचा तो फक्त एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणाऱ्या पॅकेटचा. ऑफिसमधून कॅमेऱ्यांचं फुटेज उतरवणं, सर्व्हरवरून लॅबच्या चाळीस संगणकांवर एकदम सॉफ्टवेअर टाकणं, शिक्षकांचं बॅकअप. रोज नाही होत, पण होतं तेव्हा ऑफिसचं टॅली अडकतं.

मामा : वर्षातनं दोनदा लॅबमध्ये सॉफ्टवेअर टाकायचं, ते रविवारी टाका की.

भाची : टाकू. पण वळवात वीज कडाडते तेव्हा आधी काय जळतं, ते तुम्ही मला सांगा.

मामा : बाहेरनं तांब्याची तार येते त्याचा पोर्ट. नाहीतर अ‍ॅडॉप्टर. लई वेळा राउटरच.

भाची : आणि तुमच्या मांडणीत राउटर गेला की पाचही गेटवे गेले. इंटरनेट तर जाणारच, पण लॅबला ऑफिसचा सर्व्हरही दिसणार नाही आणि शिक्षकांना ऑफिसचा प्रिंटर मिळणार नाही. गेटवे स्विचवर असले तर आतलं काम चालू राहतं, नवा राउटर येईपर्यंत फक्त बाहेरचं बंद.

मामा : हां. ही गोष्ट पटली. वेगापेक्षा ही मोठी.

भाची : तुम्ही म्हणता तशी स्विच आणि राउटर ही वाटणी खरोखरच होती. १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला तो ‘कल्पना’ नावाच्या कंपनीनं. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकानं एका सहकाऱ्यासोबत अमेरिकेत काढलेली ती कंपनी सिस्कोनं १९९४ मध्ये विकत घेतली. तेव्हाचा स्विच फक्त मॅक पत्ते बघायचा. पुढं चिपमध्येच आयपीचा तक्ता बसवता आला, तशी ती वाटणी विरघळली. म्हणून जुन्या सवयीनं ‘राउटिंग म्हणजे राउटर’ असं धरून चालता येत नाही.

मामा : बरं. मग दाखव कसं करणार ते. पण एकेक पायरी सांग, मधी मी अडवणार.

भाची : अडवा. पहिलं, पाच व्हीलॅन तयार करायचे आणि प्रत्येक पोर्ट ज्याच्या त्याच्या व्हीलॅनमध्ये घालायचा. दुसरं, ग्लोबल कॉन्फिगमध्ये एक ओळ : ‘आयपी राउटिंग’. या मॉडेलवर ती मुळात बंद असते. तिसरं, ‘इंटरफेस व्हीलॅन १०’, त्याला पत्ता १९२.१६८.१०.१, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि ‘नो शटडाउन’. तसंच २० ला आणि ३० ला. ४० आणि ५० चं पुढं सांगते. याला एसव्हीआय म्हणतात. ऑफिसच्या संगणकांचा गेटवे आता १९२.१६८.१०.१.

मामा : मागं एका ठिकाणी मी असाच पत्ता दिलता. इंटरफेस काही केल्या वर येईना.

भाची : दोन गोष्टी लागतात. तो व्हीलॅन स्विचच्या यादीत असायला पाहिजे, नुसता इंटरफेस लिहून तो तयार होत नाही. आणि त्या व्हीलॅनचा निदान एक तरी पोर्ट जिवंत पाहिजे. सगळ्या तारा काढून टेबलावर कॉन्फिग केलं तर एसव्हीआय ‘डाउन’च दाखवणार. तार लावली की उठतो.

मामा : पुढं?

भाची : स्विच आणि राउटर यांच्यामध्ये एक वेगळी तार. त्या पोर्टवर ‘नो स्विचपोर्ट’ दिलं की तो स्विचचा पोर्ट राहत नाही, राउटरच्या पोर्टसारखा होतो. त्याला थेट पत्ता द्यायचा. दोनच पत्त्यांचं छोटं सबनेट पुरे : राउटर १९२.१६८.२५४.१, स्विच १९२.१६८.२५४.२, मास्क २५५.२५५.२५५.२५२. मग स्विचला सांगायचं, जे तुला माहीत नाही ते सगळं राउटरकडं पाठव : ‘आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.२५४.१’.

मामा : त्यात तर आधीच ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ टाकलेला हाय. तो न्हाई चालत?

भाची : नाही. राउटिंग बंद असताना स्विचच्या स्वतःच्या पॅकेटपुरता तो कामाचा. राउटिंग चालू केलं की स्विच त्याच्याकडं बघतही नाही. हे माहीत नसलं की माणूस गोंधळतो. डिफॉल्ट गेटवे दिलेला दिसतो, आतलं सगळं चालतं आणि बाहेरचं काहीच जात नाही.

मामा : आणि ते दिलं तरी नेट लागलं न्हाई तर?

भाची : मग नव्वद टक्के चूक राउटरवर. पॅकेट बाहेर गेलं, पण उत्तर परत आलं तेव्हा १९२.१६८.३०.० कुठं आहे हे राउटरला कुठं माहीत आहे? त्याला फक्त २५४ माहीत. म्हणून राउटरवर परतीची वाट लिहायची : १०, २० आणि ३० यांच्यासाठी १९२.१६८.२५४.२ कडं पाठव. आणि नॅटच्या यादीतही ही तिन्ही सबनेट घालायची. हे खासगी पत्ते आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ नं खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले. नॅटशिवाय ते बाहेर फिरत नाहीत. आणि या स्विचला नॅट येत नाही, ते राउटरनंच करायचं.

मामा : म्हणजे राउटर सुटला न्हाईच. बरं, डीएचसीपी? संगणक पत्ता मागतो तो ओरडून, आणि ओरडणं व्हीलॅनच्या बाहेर जात न्हाई.

भाची : प्रत्येक एसव्हीआयवर ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ देऊन सर्व्हरचा पत्ता लिहायचा. स्विच ते ओरडणं उचलून सर्व्हरपर्यंत नेऊन पोचवतो. पण तुम्ही म्हणालात त्याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा. जी अ‍ॅप ओरडून प्रिंटर किंवा एनव्हीआर शोधतात त्यांना तो दुसऱ्या व्हीलॅनमध्ये सापडणार नाही. तिथं पत्ता हातानं टाकावा लागतो. आणि थंब मशीनसारखं ज्यांना कुणीतरी कधीकाळी हातानं पत्ता दिलाय, ती सगळी यंत्रं आधी हुडकून काढायची. कामाचा अर्धा वेळ तिथंच जातो.

मामा : आता माझी पाळी. तू ‘आयपी राउटिंग’ लिहिलंस, तीन एसव्हीआय उठवलेस. लॅबमधल्या पोरानं ऑफिसच्या सर्व्हरला हात घातला तर त्याला अडवणार कोण?

भाची : त्या क्षणी? कोणीच नाही.

मामा : मला हेच म्हणायचं होतं बघ! व्हीलॅन पाडले कशाला? लॅब आणि ऑफिस वेगळं राहावं म्हणून. आणि तुझ्या एका ओळीनं सगळे परत एकमेकांच्या घरात.

भाची : हो. ज्या सबनेटमध्ये स्विचचा स्वतःचा पत्ता आहे ती सगळी सबनेट त्याच्या तक्त्यात आपोआप येतात. ‘शो आयपी रूट’ दिलं की त्यांच्यापुढं ‘सी’ दिसतो, म्हणजे कनेक्टेड. त्यांच्यात ये-जा करायला वेगळी परवानगी लागत नाही. पण मामा, हे तुमच्या राउटरवरही तसंच असतं. पाच सब-इंटरफेस दिले आणि नियम लिहिले नाहीत तर तोही सगळ्यांना सगळीकडं सोडतो.

मामा : खरंय. पण माझ्या राउटरमध्ये फायरवॉल हाय, तिथं नियम लिहिता येतात.

भाची : स्विचवरही लिहिता येतात. अ‍ॅक्सेस-लिस्ट. लॅबच्या एसव्हीआयवर आत येणाऱ्या पॅकेटला लावायची : ३० मधून १० ला मनाई, बाकी सगळ्याला मुभा. चिपमध्येच तपासणी होते, वेग कमी होत नाही.

मामा : मग ऑफिसमधल्या माणसानं लॅबच्या संगणकाला काही विचारलं, तर लॅबचं उत्तर येणार ३० मधनंच. ते पण अडणार की गं.

भाची : अडणार. बरोबर पकडलंत. स्विचच्या अ‍ॅक्सेस-लिस्टला स्मरण नसतं. प्रत्येक पॅकेट तिला नवं. टीसीपीपुरतं ‘एस्टॅब्लिश्ड’ हा शब्द लावून उत्तरं सोडता येतात, पण तीसुद्धा फक्त पॅकेटवरची खूण बघते. कोणी खोटी खूण लावली तर तिला कळत नाही. यूडीपीला तर तेवढीही सोय नाही. फायरवॉल मात्र संभाषण लक्षात ठेवते. सुरुवात कोणी केली ते तिला माहीत असतं, म्हणून उत्तर सोडते आणि आगंतुक अडवते.

मामा : मग म्हातारा बरोबर बोलत होता म्हण.

भाची : निम्मं. जिथं अनोळखी माणूस येतो तिथं तुम्ही बरोबर. पाहुण्यांच्या वायफायला कोणाचा फोन जोडला जाईल सांगता येत नाही. कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं कोणी अपडेट करत नाही. हे दोन व्हीलॅन मी स्विचवर राउट करणारच नाही. ४० आणि ५० स्विचमधून नुसते ट्रंकनं फायरवॉलपर्यंत जातील. त्यांचे गेटवे तुमच्या डब्यावर, नोंद तुमच्या डब्यावर. ऑफिस, शिक्षक आणि लॅब मात्र स्विचवर.

मामा : म्हणजे राउटरकडं दोन तारा?

भाची : दोन. एक त्या छोट्या २५४ च्या सबनेटची, दुसरी ४० आणि ५० ची ट्रंक. आणि एक पथ्य : स्विचवर ४० किंवा ५० चा एसव्हीआय चुकूनही पत्ता देऊन उठवायचा नाही. ‘बघू पिंग होतोय का’ म्हणून कोणीतरी तात्पुरता पत्ता देतं आणि काढायला विसरतं. त्या क्षणी फायरवॉलला वळसा घालणारी वाट तयार होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तक्रार कोणाचीच नसते.

मामा : उलटं पण करायचं न्हाई ना? माझ्या राउटरचा एक पाय १० मध्ये ठेवला, ऑफिसला सरळ जावं म्हणून?

भाची : अजिबात नाही. कॅमेऱ्याचं पॅकेट तुमच्या राउटरवरून सरळ ऑफिसच्या संगणकात जाईल, पण त्या संगणकाचा गेटवे स्विच आहे. म्हणून उत्तर स्विचमार्गे २५४ च्या तारेनं तुमच्याकडं येईल. फायरवॉलला जाणं एका तारेवर दिसलं आणि येणं दुसऱ्या तारेवर. संशय येऊन ती संभाषण तोडते. मग ‘कधी लागतं, कधी लागत नाही’ अशी तक्रार येते आणि माणूस तारा बदलत बसतो.

मामा : असली तक्रार मला ओळखीची हाय. तारा बदलून झाल्यात माझ्या. आता माझ्या दोन अटी. पहिली, हा स्विच जुना हाय, कंपनी त्याला आता नवं सॉफ्टवेअर देत न्हाई. त्याच्यावर लॉगिन लॅबमधनं दिसता कामा नये.

भाची : मान्य. टेलनेट बंद, फक्त एसएसएच, आणि तेही ऑफिसच्या ठरलेल्या एका संगणकावरून.

मामा : दुसरी. गावात लाईट कधी जाईल सांगता येत न्हाई, आणि यूपीएसची बॅटरी कधी उतरेल तेही न्हाई. स्विच बंद होऊन चालू झाला तर सगळं होतं तसं आलं पाहिजे.

भाची : ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. ही कमांड न देता उठलो तर पहिल्याच लोडशेडिंगला काम वाया. आणखी एक गुंता आहे. व्हीलॅनची यादी बहुतेक वेळा कॉन्फिगमध्ये नसतेच, फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. म्हणून वापरलेला स्विच आणला की आधी तीही पुसायची, नाहीतर जुन्या मालकाचे व्हीलॅन घेऊन तो आपल्याकडं येतो. आणि उद्या हा स्विच जळून दुसरा बसवला तर नुसतं कॉन्फिग चिकटवून भागेलच असं नाही, व्हीलॅन आहेत का ते आधी बघायचं.

मामा : हे सगळं कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटव. मराठीत. तू पुण्याला गेलीस की मला फोनवर सांगायला कोण न्हाई.

भाची : लिहिते. तपासायचा क्रमही लिहिते. संगणकानं आपल्या गेटवेला पिंग करायचं. मग दुसऱ्या व्हीलॅनच्या गेटवेला. मग राउटरच्या २५४.१ ला. मग बाहेर. जिथं अडकलं त्याच्या आधीचा भाग बरा आहे. फक्त दुसऱ्या व्हीलॅनमधल्या विंडोज संगणकाचं उत्तर आलं नाही म्हणून राउटिंगला दोष द्यायचा नाही. त्याची स्वतःची फायरवॉल परक्या सबनेटचा पिंग बऱ्याचदा अडवते.

मामा : आणि वाटा आपोआप शिकणारं ते ओएसपीएफ की काय, ते पाहिजे का ह्यात?

भाची : एक स्विच, एक राउटर, तीन परतीच्या वाटा. हातानं लिहिलेल्या पुरे. दुसरी इमारत, दुसरा स्विच आणि पर्यायी तार आली की बघू.

मामा : हे बरं बोललीस. आता मला एक तक्ता काढून दे. उभ्या ओळीत पाच व्हीलॅन, आडव्या ओळीत तेच पाच. कोणी कोणाकडं जायचं, हो की नाही.

भाची : पंचवीस चौकोन. कर्णावरचे पाच सोडले तर वीस. भरूया. पाहुण्यांकडून आत, चारही नाही. कॅमेऱ्यांकडून कुठंही, नाही. ऑफिसकडून कॅमेऱ्यांकडं, हो. लॅबकडून ऑफिसकडं, नाही.

मामा : थांब. लॅबच्या पोरांना सर्व्हरवरनं सॉफ्टवेअर पाहिजे म्हणालीस. तो सर्व्हर ऑफिसमध्ये हाय.

भाची : मग एवढ्या एका पत्त्याला हो. किंवा सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये काढायचा.

मामा : शिक्षकांना कॅमेरे दिसावेत का? स्टाफरूमच्या बाहेरचा कॅमेरा? आणि लॅबमधनं शिक्षकांच्या प्रिंटरवर पोरांनी छापलं तर कागदाचा खर्च कोणाचा?

भाची : हे मला कसं माहीत असणार, मामा?

मामा : मला पण न्हाई. आणि आपण ठरवायचं पण न्हाई. राउटर असो नाहीतर स्विच, हे चौकोन मोकळे ठेवून आपण ती ओळ टाकली तर सगळ्यांना हो म्हटल्यासारखं होतं. ते म्हणायचा अधिकार आपला न्हाई, संस्थेचा.

भाची : मग मोकळ्या चौकोनांवर खूण करून ठेवते. उद्या मुख्याध्यापकांना भेटून विचारून घेऊ.

मामा : विचार. व्हीलॅन आजच पाड, तारा पण ओढून घेऊ. फक्त ‘आयपी राउटिंग’ सही झालेला तक्ता हातात आल्यावर.